अव्वा नावाचा फोल्डर

पासवर्ड आपला नाही, बसूचा आहे, हे गुरुशांतला मेसेज वाचल्याबरोबर कळलं. युजरनेमच्या जागी स्पष्ट 'बसवराज' लिहिलेलं होतं. मुलगा मीटिंगमध्ये असणार, घाईत चुकीची ओळ उचलून पाठवली असणार. फोन करून सांगायला अर्धं मिनिट लागलं असतं. त्याने फोन हातात घेतलाही. मग घरचंच तर आहे असं म्हणून तो उपडा ठेवला आणि अक्षरं टाइप करायला लागला. बाहेर एप्रिलचं ऊन पत्र्यावर वाजत होतं, कूलरमधलं पाणी संपत आल्याचा खरखराट येत होता, आणि दुपारचे सव्वातीन झाले होते. वेळा लक्षात ठेवायची त्याला सवय होती. लिनक्सवर काम करणाऱ्या माणसाला ती लागतेच, असं तो पॉलिटेक्निकमध्ये मुलांना सांगायचा. चूक कधी झाली हे कळल्याशिवाय का झाली हे कळत नाही.

दोन दिवसांपूर्वी त्याच्या जुन्या मशीनची डिस्क गेली होती. सोलापूरच्या उन्हाने गेली म्हणायचं, नाहीतर वयाने. त्याने नवी डिस्क आणली, लिनक्स पुन्हा बसवलं, आणि मग लक्षात आलं की पुण्याच्या सर्व्हरचा आपला पासवर्ड त्या मेलेल्या डिस्कवरच एका फाईलमध्ये होता. दहा वर्षांपूर्वी त्यानेच बसूच्या मागे लागून तो सर्व्हर उभा करायला लावला होता. आपले फोटो, आपले कागद परक्या कंपन्यांच्या हवाली कशाला करायचे, आपलं क्लाऊड आपल्या घरात पाहिजे, हे तो लग्नाकार्यातसुद्धा लोकांना ऐकवायचा. बसूने पुण्याच्या फ्लॅटमध्ये कपाटावर ते छोटं यंत्र ठेवलं, सगळ्यांना एकेक जागा करून दिली, आणि गुरुशांतने आपली जागा आपल्या मशीनवर माउंट केली, म्हणजे जोडून घेतली. एकदा जोडली की पुण्यातली जागा इथल्याच एखाद्या फोल्डरसारखी दिसते. क्लिक केलं की उघडते, फाईल ओढून टाकली की तिथे जाऊन पडते. फक्त उघडायला किंचित वेळ लागतो, आणि त्या किंचित वेळातच काय ते अंतर कळतं. बायकोला, भुवनेश्वरीला, त्याने हे समजावलं होतं तेव्हा ती म्हणाली होती, म्हणजे दिसतं इथं आणि असतं तिथं. तो म्हणाला होता, बरोबर. आणि पुढे पाऊण तास त्यातले बारकावे सांगितले होते. ती गवार मोडत ऐकत होती. का ऐकत नव्हती, कोण जाणे.

कमांड दिली, फोल्डर जोडला गेला, उघडला. एरवी त्यात त्याचे ओळखीचे चार कप्पे दिसायचे. आज पंधरा फोल्डर दिसले. ऑफिस, बँक, फ्लॅट, गाडी. त्यातलाच एक 'अप्पा', म्हणजे तो स्वतः. आजवर जे त्याला अख्खं वाटत होतं ते पंधरातलं एक होतं. त्याखाली वर्णक्रमाने लगेच 'अव्वा'.

अव्वाला जाऊन चौदा महिने झाले होते. बसू आईला अव्वा म्हणायचा. तिचा फोल्डर त्याच्याकडे असणं साहजिक होतं, फोटो असतील, जुन्या पत्रिका असतील. तरी गुरुशांतचा हात माउसवर थांबला, आणि तो थांबला हेही त्याच्या लक्षात आलं. मग त्याने उघडला.

आधी रिपोर्ट दिसले. रक्ताचे, सोनोग्राफीचे, मग पुण्याच्या एका हॉस्पिटलचे. पहिलं पान उघडलं तेव्हा त्याची नजर मजकुरावर नव्हे, पानाच्या डाव्या कडेवर गेली. तिथे वरपासून खालपर्यंत फिकट हिरवी रेघ होती. ती रेघ तो ओळखत होता. त्याच्याच स्कॅनरच्या काचेखाली कचरा बसला होता, आणि काढू काढू म्हणत दोन वर्षं राहून गेला होता. म्हणजे ही पानं याच खोलीत, याच टेबलावर स्कॅन झाली होती. स्कॅन करायला तिला त्यानेच शिकवलं होतं, टाळेबंदीत, तिच्या कन्नड शाळेतल्या पोरांच्या वह्यांसाठी. मग त्याने तारखा पाहिल्या. दोन हजार तेवीस, जून. त्याने खुर्ची पुढे ओढली. जून नसणार. आजार कळला डिसेंबरात. डिसेंबरात ती शाळेत चक्कर येऊन पडली, सोलापुरातल्या डॉक्टरांनी तपासण्या केल्या, पोटातला कर्करोग यकृतापर्यंत गेलाय म्हणाले, आणि फेब्रुवारीत सगळं संपलं. पण कागदावर जून होता, आणि निदान तेच होतं, तेच शब्द. फाईलींच्या वेळा पाहिल्या. सहा वीस. सहा पस्तीस. सहा बत्तीस. सगळ्या सकाळच्या. सकाळी सहा ते साडेसात तो कंबर तलावावर फिरायला असायचा. निवृत्त झाल्यापासून दिवसातला तेवढाच वेळ तो घरात नसायचा.

कूलर कोरडाच फिरत होता. तो उठून बंद करायला पाहिजे होता, पण गुरुशांत बसून राहिला, आणि त्याला डिसेंबरातले ते डॉक्टर आठवले. ते फिल्म उजेडाकडे धरून म्हणाले होते, हे बरंच जुनं आहे, आधी काही त्रास नव्हता का. प्रश्न भुवनेश्वरीला होता. ती खिडकीबाहेर पार्किंगमध्ये काहीतरी पाहत होती. उत्तर त्याने दिलं होतं. नाही, काहीच नाही, एकदम ठणठणीत होती. ती मान वळवून त्याच्याकडे बघत राहिली होती. त्या बघण्याला तो भीती समजला होता, आणि घरी येऊन त्याने तिला धीर दिला होता. दुसऱ्या दिवशी तक्ता केला होता. औषधाची वेळ, जेवण, झोप, उलटी, वेदना दहापैकी किती. प्रिंट काढून स्वयंपाकघराच्या दारामागे लावला होता, आणि दर तीन तासांनी तो तिला विचारायचा. ती डोळे न उघडता सांगायची, सात लिहा. कधी सांगायची, तुम्हाला बरा वाटेल तो लिहा. तो ते विनोद म्हणून घ्यायचा. शेवटच्या दिवशी पहाटे त्या तक्त्यात त्याने चार दहा अशी वेळ लिहिली होती, आणि लिहून झाल्यावर मग तो रडला होता. हा क्रम त्याने कुणाला सांगितला नव्हता.

रिपोर्टच्या खाली फोटो होते. ते पुण्याहून येत असल्याने एकेक करून उमटत होते, आधी राखाडी चौकोन, मग रंग. भुवनेश्वरी उसाच्या फडापाशी. भुवनेश्वरी कालव्याच्या काठावर, साडी पोटरीपर्यंत वर धरून, पाय पाण्यात. शेजारी एक जाडसर बाई, ती यशोदा, अकलूजची, डी.एड.ला तिची मैत्रीण होती. भुवनेश्वरी मोटरसायकलवर मागे बसलेली, आणि गाडी यशोदा चालवतेय. भुवनेश्वरी तोंड पूर्ण उघडून हसतेय, इतकं की वरच्या पडलेल्या दाढेची जागा दिसतेय. हे तोंड त्याने पाहिलं नव्हतं. पस्तीस वर्षांत ती हसायची नाही असं नाही, पण हसताना पदर तोंडाशी न्यायची. तारीख ऑक्टोबर. ऑक्टोबरात ती आठ दिवस शिक्षकांच्या प्रशिक्षणाला म्हणून गेली होती. परत आली तेव्हा रापलेली होती, आणि तो म्हणाला होता, उन्हात बसवून शिकवतात काय तुम्हाला. त्यावर ती काय म्हणाली हे त्याला आठवेना. त्या आठवड्यात गॅसचा नंबर लावायचा राहिला म्हणून तो चिडला होता एवढं आठवलं.

शेवटी एक आवाजाची फाईल होती. तिने बसूला फोनवर पाठवलेला निरोप, त्याने जपून ठेवलेला. गुरुशांतने स्पीकर लावला. तिचा आवाज खोलीत आला तेव्हा त्याने आधी दाराकडे पाहिलं.

"बसू, डॉक्टर काय म्हणाले ते तू ऐकलंसच. औषधानं दोन-चार महिने वाढतील, पण ते पलंगावरचे. मला नकोत, ते मी ठरवलंय. आता अप्पांचं. त्यांना सांगू नको. त्यांचा जीव नाही माझ्यावर असं नाही रे. पण त्यांना कळलं की दुसऱ्या दिवशी तक्ता करतील. किती खाल्लं, किती झोपले, किती दुखलं. माझं मरणसुद्धा ते नीट लावून ठेवतील. मला हे दिवस माझे पाहिजेत. त्यांनी विचारलं तर मात्र खोटं बोलू नको. विचारलं तर सांग."

मागे कुकरची शिट्टी झाली होती आणि तिथेच निरोप संपला होता. तक्ता तिने सहा महिने आधी पाहिला होता. तो करायच्या आधी. गुरुशांतला पहिल्यांदा आला तो संतापच. दुःख वगैरे नाही. आपल्याच घरात, आपल्याच मशीनवर, आपण शिकवलेल्या पद्धतीने आपल्याला बाहेर ठेवलं गेलं होतं, आणि आपण मात्र तलावाभोवती फेऱ्या मोजत होतो. त्याने बसूला फोन लावला. मीटिंग असली तरी उचलेपर्यंत लावत राहिला. तिसऱ्यांदा बसूने उचलला, आणि गुरुशांतने पासवर्डचं, फोल्डरचं, रिपोर्टचं सगळं एका दमात सांगितलं, आणि विचारलं की तू मुलगा आहेस की कोण, बापाला न सांगता आईला मरू दिलंस.

बसूने विचारलं की पासवर्ड माझा आहे हे तुम्हाला कळलं नव्हतं का. गुरुशांत म्हणाला, कळलं होतं.

"मग कळूनही उघडलंत."

"माझी बायको होती ती."

"हो," बसू म्हणाला. त्याचा आवाज चढला नाही, तेच गुरुशांतला सहन होईना. "अप्पा, ती म्हणाली होती, विचारलं तर सांग. मी चौदा महिने वाट बघतोय. तुम्ही डिस्कचं विचारलंत, बॅकअपचं विचारलंत, राउटरचं विचारलंत. डॉक्टर तुमच्यासमोर म्हणाले होते की हे जुनं आहे. मी तिथंच उभा होतो. तिला कधीपासून माहीत होतं, हे तुम्ही एकदा तरी विचारायचं."

मग तो म्हणाला की पासवर्ड तो रविवारी बदलेल. तोवर काय बघायचं ते बघून घ्या. ही मेहेरबानी होती की शिक्षा, हे गुरुशांतला ठरवता आलं नाही.

पुढचे तीन दिवस तो फोल्डर उघडा ठेवून बसला. रिपोर्ट त्याने पुन्हा पाहिले नाहीत. फोटोच पाहत होता, आणि त्या फोटोंत आपण कुठे आहोत ते शोधत होता. म्हणजे तिच्या चेहऱ्यावर कुठे अपराध आहे का, चोरी आहे का, नवऱ्याला फसवून आलेल्या बाईची एखादी सावली. ती सापडली असती तर त्याला बरं वाटलं असतं. पाण्यात पाय सोडलेली ती बाई कुणालाही फसवत नव्हती. तिला आठवणच नव्हती कुणाची. रोज संध्याकाळी आठ वाजता तिला कणीक मळताना पाहायची सवय झालेल्या त्याला वाटत राहिलं की ही बाई आपल्या घरात कधी राहिलीच नाही. घरात राहिली ती तिची जोडून घेतलेली प्रत असावी, हाक मारली की उघडणारी, किंचित उशिराने. असे विचार त्याला आवडत नसत. त्यांचं करायचं काय हे त्याला कळत नसे.

शनिवारी सकाळी तो तलावावर न जाता एसटी स्टँडवर गेला आणि अकलूजच्या गाडीत बसला. यशोदाबाईंना आधी फोन केला नाही. केला असता तर त्यांनी काहीतरी कारण काढून टाळलं असतं, अशी त्याची खात्री होती. घर सापडायला वेळ लागला नाही, निवृत्त शिक्षिका म्हटल्यावर दुकानदाराने बोटानेच दाखवलं. त्याला दारात पाहून त्या दचकल्या नाहीत. बसा म्हणाल्या, पाणी दिलं, पंखा लावला. तो का आला हे त्यांनी विचारलं नाही, आणि त्यामुळे त्यालाच बोलावं लागलं. तो म्हणाला की त्याला सगळं कळलंय, आणि फक्त एकच विचारायचंय, ती माझ्याविषयी काय बोलायची.

यशोदाबाईंनी विचार केला. मग त्या म्हणाल्या की खरं सांगायचं तर फारसं काही बोलायची नाही. आठ दिवसांत आम्ही शाळेतल्या बाईंच्या नकला केल्या, मासे खाल्ले, तिनं आयुष्यात पहिल्यांदा खाल्ले, कालव्यावर रोज गेलो. ती मला म्हणाली होती, रडायला लागलीस तर मी दुसऱ्या गाडीनं परत जाईन. तुमचं नाव निघालं ते एकदाच.

"कधी?"

"सहाव्या दिवशी. म्हणाली, हे बरं नाही, त्यांना सांगायला पाहिजे. मी म्हटलं, मग सांग की. कालव्यावरच होतो आम्ही. तिनं तिथनंच तुम्हाला फोन लावला."

गुरुशांत म्हणाला, असा फोन आला नव्हता. यशोदाबाई त्याच्याकडे नुसत्या पाहत राहिल्या. त्यांच्या नजरेत राग नव्हता, कंटाळा होता, वर्गातल्या मठ्ठ पोराकडे पाहताना येतो तसला. त्या म्हणाल्या, "आला होता, भाऊ. मी शेजारी बसले होते. तुम्हाला आठवावं असं त्यात काही झालंच नाही, एवढंच." चहा घेऊन जा म्हणाल्या. तो न घेता निघाला.

अकलूजच्या स्टँडवर सोलापूरच्या गाडीला पाऊण तास होता. बाकावर शेजारी एक म्हातारा कलिंगडाची फोड खात होता आणि बिया नेमाने एकाच जागी थुंकत होता. गुरुशांतने फोन काढला. पेन्शनच्या कामात ऑफिसातले लोक बोललेलं फिरवतात म्हणून निवृत्तीनंतर त्याने सगळे कॉल आपोआप रेकॉर्ड व्हायची सोय करून घेतली होती, आणि एकही कधी पुसला नव्हता. हजारो होते. पण नाव आणि महिना टाकल्यावर उरले अकरा, आणि सहावा दिवस म्हणजे एकोणीस तारीख. संध्याकाळी सहा बेचाळीस. एक मिनिट अठरा सेकंद. त्याने फोन कानाला असा लावला की जणू आत्ताच कुणाचा आलाय.

आधी त्याचाच आवाज. बोल. मग ती म्हणाली, जेवलात का दुपारी. तो म्हणाला, जेवलो. ती म्हणाली, ऐका की, एक सांगायचं होतं. आणि तो म्हणाला की सांग, पण आधी हे ऐक, स्कॅनरचं झाकण कोण उघडं टाकून गेलंय, आत धूळ जाते, किती वेळा सांगितलं, आणि चालू ठेवलेलं, रात्रंदिवस दिवा जळतोय. तो बोलत होता. आपला आवाज इतका समजूतदार, इतका सावकाश असतो हे त्याने पहिल्यांदा ऐकलं. बोलून झाल्यावर त्याने विचारलं, हं, काय सांगायचं होतं. त्यानंतर काही नव्हतं. त्याला वाटलं फाईल संपली, पण आकडे पुढे सरकत होते. पाणी वाहत असल्याचा आवाज होता. आणि त्या आवाजाच्या मागून, अगदी हळू, यशोदाबाईंचा आवाज, "सांग की." मग पुन्हा पाणी. मग भुवनेश्वरी म्हणाली, "काही नाही. झाकण लावून घ्या तुम्ही." तो म्हणाला, लावलंय मी, ठेवू? आणि ठेवला.

म्हाताऱ्याने त्याला कलिंगडाची फोड पुढे केली. त्याने घेतली, आणि गाडी येईपर्यंत तशीच हातात धरून बसला. रस मनगटावरून बाहीत गेला.

घरी पोचला तेव्हा ऊन अजून खिडकीत होतं. फोल्डर जोडलेलाच होता, पासवर्ड चालू होता. त्याने ते रेकॉर्डिंग मशीनवर घेतलं आणि 'अव्वा' फोल्डरमध्ये टाकलं, फोटोंच्या शेजारी. वर हिरवी पट्टी हळूहळू भरत गेली आणि फाईल पुण्याला पोचली. आयुष्यात पहिल्यांदा आपण स्वतःच्या विरुद्ध काहीतरी केलं, असं त्याला वाटलं, आणि त्याला जरा हलकंही वाटलं. बसू ऐकेल. ऐकून त्याला कळेल की बापाला कळलंय. माफी शब्दांत मागणं त्याला जमलं नसतं. फाईल ठेवणं जमत होतं. त्या रात्री त्याला गाढ झोप लागली.

रविवारी दुपारी फोल्डर आपोआप तुटला. परवानगी नाही, असा संदेश आला. संध्याकाळी बसूचा फोन आला. त्याने आधी जेवणाचं विचारलं, उन्हाचं विचारलं. मग म्हणाला की रेकॉर्डिंग ऐकलं. गुरुशांत वाट पाहत राहिला.

"ते तिथं ठेवायचं नव्हतं, अप्पा."

"का? तिचाच आवाज आहे त्यात."

"दहा सेकंद आहे," बसू म्हणाला. "बाकी तुमचा आहे. ती तिची जागा आहे, अप्पा. तिची एवढीच एक होती, जिथं तुम्ही नव्हता." मग तो म्हणाला की त्याने ते पुसलं नाहीये, काळजी करू नका, फक्त हलवलंय. आणि तुमचा नवा पासवर्ड पाठवतो.

पासवर्ड आला. या वेळी युजरनेमच्या जागी 'अप्पा' होतं. गुरुशांतने चष्मा पुसला, अक्षरं एकेक करून टाइप केली, एकदा चुकली, पुन्हा केली. फोल्डर जोडला गेला. पंधरा नव्हते, त्याचे चार कप्पे होते. पेन्शन, पॉलिटेक्निक, मॅन्युअल्स, आणि दारामागच्या तक्त्याचा कप्पा, तारखेप्रमाणे लावलेला. आणि त्या चार कप्प्यांच्या खाली, कुठल्याच कप्प्यात न बसणारी एक सुटी फाईल, एकोणीस ऑक्टोबर, एक मिनिट अठरा सेकंद.